दस्तगीर भाई आणि माझे जवळचे संबंध

रविवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी दस्तगीर भाई गेले. बातमी आली तेव्हा मी फियाटचं बोनेट पुसत होतो. हातातलं फडकं तसंच राहिलं.

फोन अश्विनीचा होता. आमच्या जुनी मोटार मित्रमंडळातली ती सगळ्यांत तरुण सभासद. कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते आणि आजोबांची जीप चालवते. एरवी तिच्या एका वाक्यात तीन भाषा असतात, आज एकही धड येईना. "अंकल, भाई गेले," म्हणाली आणि रडायलाच लागली. मलाही आवरलं नाही. कंपाउंडमध्ये उभा राहून रडलो.

बावीस वर्षं दर रविवारी सकाळी टीव्हीवर 'बोनेट खोलो' बघितल्याशिवाय मी अंघोळ केलेली नाही. कुणाचीही बिघडलेली गाडी यायची, मालक कैफियत सांगायला लागायचा, की दस्तगीर भाई बोट वर करून म्हणायचे, "पैले बोनेट खोलो मियां, बाद में मूं खोलो!" अख्ख्या हैदराबादला ते वाक्य पाठ. आमच्या आबिड्सच्या विमा ऑफिसात कुणी तावातावानं भांडायला आला की शिपाईसुद्धा हेच म्हणतो.

सुमेधानं चहा आणून दिला. मी म्हटलं, "घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतंय."

ती म्हणाली, "तुमचे मामा गेले तेव्हा तुम्ही आधी जेवून घेतलं होतं."

आमच्या हिला मोटारीतलं आणि दुःखातलं काही कळत नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

संध्याकाळी एकनाथरावांकडे शोकसभा झाली. एकनाथराव मंडळाचे अध्यक्ष. तीन पिढ्या वकिली, त्यामुळे शोकसुद्धा मुद्देसूद. त्यांची अँबेसेडर पोर्चमध्ये झाकलेली असते. तिच्यावरचं कापड मी अकरा वर्षांत एकदाही निघालेलं पाहिलं नाही. पण तो विषय कुणी काढत नाही.

प्रत्येकानं आठवणी सांगितल्या. एकाच्या गाडीचा हॉर्न दस्तगीर भाईंनी फोनवरून दुरुस्त केला होता. एकाला त्यांनी सही दिली होती. माझी पाळी आली. मला खरंच काही खोटं बोलायचं नव्हतं. पण सगळे बघत होते आणि तोंडातून निघून गेलं, "माझे आणि दस्तगीर भाईंचे फार जवळचे संबंध होते."

या वहीत खरं लिहायला हरकत नाही. आमची मुलगी शिवानी मराठी फर्डं बोलते, पण वाचायला दिलं की पोरगी दुसऱ्याच ओळीला पाणी मागते. तर, खरं असं: २००९ साली नुमाइशमध्ये, म्हणजे आमच्या वार्षिक प्रदर्शनात, मी मिरची भज्यांच्या रांगेत उभा होतो. पुढचा माणूस वळला आणि म्हणाला, "जरा बाजू सरको मियां." ते दस्तगीर भाई होते. मी सरकलो.

अंतर दोन फूट. म्हणजे जवळचे हे चूक नाही.

त्यावर एकनाथरावांनी तिथल्या तिथं ठराव मांडला. रमजान लागायच्या आत, म्हणजे २३ तारखेला, भाईंच्या मलकपेठच्या घरापासून आबिड्सपर्यंत जुन्या गाड्यांची श्रद्धांजली फेरी. भाईंच्या बेगमना आमंत्रण कोण देणार? सोनकांबळे, म्हणजे मी. भाषण? सोनकांबळे. सगळ्यांत पुढची गाडी कुणाची? टाळ्या.

अश्विनीनं माझा हात धरला. "अंकल, तुम्ही इतके दिवस बोलले पण नाही. सो हंबल!"

मंगळवार, ४ फेब्रुवारी

झोप लागली नाही. कारण दुसरंही आहे. मी चार वर्षांत गाडी चालवलेली नाही.

अडिकमेटच्या पुलाच्या चढावर गाडी बंद पडली होती. ब्रेक सोडून क्लच दाबला की उलटं केलं, आठवत नाही. गाडी मागं मागं गेली आणि खालच्या बज्जीच्या बंडीला, म्हणजे भज्यांच्या हातगाडीला, टेकली. कुणाला लागलं नाही, कढई तेवढी रस्त्यावर आली. गाडीलाही पोचा नाही. पण त्या दिवसापासून स्टिअरिंगवर हात ठेवला की माझे तळवे भिजतात.

लोकांना सांगतो, "जुनी गाडी आहे, सारखी काढायची नसते." दर रविवारी कंपाउंडमध्ये पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून आत बसतो. गिअर टाकत नाही. ही गोष्ट सुमेधालासुद्धा माहीत नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

विचित्र प्रकार. ऑफिसला जाण्याआधी सहज गाडीत बसलो तर गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट दोन खाचा पुढं! आरसा खाली झुकलेला. आणि मीटर? रविवारपेक्षा चौदा किलोमीटर जास्त.

सुमेधाला विचारलं. ती डबा भरत होती. "उंदीर असेल," म्हणाली.

"उंदराला चौदा किलोमीटर कसे जमतील?"

"हळूहळू."

ती मलकपेठच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे. दिवसभर नळ्या आणि सुया. काल तिची सुट्टी होती, घरीच होती, तरी तिला चोर दिसला नाही. बुधवारी दुपारी ही बाई करते काय, कोण जाणे.

रविवार, ९ फेब्रुवारी

मलकपेठला जाऊन आलो. बसनं. काय काय लिहू!

दस्तगीर भाईंच्या बेगम, बिलकीस आपा, पासष्टीच्या असतील. लहानखुऱ्या, आवाज मात्र खणखणीत. मी पोचलो तेव्हा दोन माणसं आधीच बसली होती. एक टायरवाला, एक निवृत्त हवालदार. टायरवाला उठला तेव्हा आपा म्हणाल्या, "हौ, आपका बहोत जिकर करते थे." हवालदार उठला तेव्हाही तेच, तुमची फार आठवण काढायचे. रीत असते, काहीतरी बोलावं लागतं.

मग माझ्याकडे वळल्या. मी निवृत्ती सोनकांबळे, विद्यानगरचा म्हणालो, आणि धीर करून म्हणालो, "भाईसाब और मैं... नजदीक के थे."

आपांनी दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या बुटांकडे बघितलं. म्हणाल्या, "हौ हौ, निवृत्ती साब! आपका तो बहोत जिकर करते थे."

माझ्या अंगावर काटा आला. त्या दोघांना म्हणाल्या ते वरवरचं होतं, मला म्हणाल्या त्यात ओलावा होता, फरक कळतो. म्हणजे नुमाइशमधली ती भेट भाईंच्याही लक्षात राहिली होती! आठवडाभर मी स्वतःला खोटारडा समजत होतो. मी खोटं बोललोच नव्हतो. मला फक्त पूर्ण माहिती नव्हती.

पण पुढचं ऐका. चहा ठेवून आपा म्हणाल्या, "आप दोस्त थे, आपकू तो मालूमच हुंगा. उनकू गाडी चलाना नै आता था."

मी म्हटलं, "हौ... थोडाबहोत मालूम था."

"थोडाबहोत क्या! बिलकूल नै आता था. सतरा बरस के थे, उस्ताद के गराज में. स्टेरिंग पे बैठे, गाडी छूट गयी, उस्ताद का पांव कुचल गया. उसके बाद उम्र भर स्टेरिंग कू हाथ नै लगाये. टीवी में देखो आप, हमेशा बोनेट के सामने खडे रैते."

मी बावीस वर्षं बघत होतो. खरंच, ते नेहमी उभेच असायचे. मला वाटायचं, आदबीनं.

फेरीचं सांगितलं तेव्हा आपा एका अटीवर तयार झाल्या. "लोगां उनकू हजार गाड्यां दिखाये, मेरेकू किसीने एक चक्कर नै मराया. मैं आती. मगर आपकीच गाडी में बैठती. और गाडी आपीच चलाना. आप दोस्त हैं."

सोमवार, १० फेब्रुवारी

आधी राग आला. अख्ख्या शहराला गाडी शिकवणारा माणूस, आणि स्वतःला येत नव्हती! दुपारी ऑफिसच्या खिडकीतून आबिड्सची वाहतूक बघत बसलो आणि राग कधी उतरला कळलंच नाही. उलट हलकं वाटलं. एवढा मोठा माणूस चोपन्न वर्षं घाबरत होता, आणि त्यानं केवढ्या गाड्या चालत्या केल्या.

मी चार वर्षं घाबरतोय आणि एक चालती गाडी उभी करून ठेवलीय.

कुणाला सांगणार नाही. मंडळालाही नाही. विशेषतः मंडळाला नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सराव करायचं ठरवलं. सुमेधा ड्यूटीवर, शिवानी बाहेर. पहिला गिअर टाकला. गाडी अशी उडाली की शेजारच्या तेलुगू पद्मावतीगारूंच्या, म्हणजे पद्मावतीबाईंच्या, तीन कुंड्या गेल्या. त्या धावत आल्या. "अय्यय्यो, सोनकांबळेगारू! तुम्ही कशाला बसलात? बुधवारी कशी छान निघते गाडी!"

मी विचारलं, "बुधवारी? कोण काढतं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कुंड्यांकडे बघितलं, आणि "नाकु तेलियदु," म्हणजे मला माहीत नाही, म्हणून आत निघून गेल्या. बिचाऱ्या कुंड्यांच्या धक्क्यानं काहीतरी बोलून गेल्या असणार. तरी चोराचा वार कळला हे बरं झालं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सापळा यशस्वी! काल ऑफिसला जाताना गाडीत पायांखाली पावडर पसरून गेलो होतो. आज सकाळी पाहिलं. उमटलेल्या पावलावरून चोर बुटका आहे आणि चपला घालतो. मीटर अठरा किलोमीटर पुढं, पण पेट्रोलचा काटा होता त्याहून वर! चोर पेट्रोल भरून ठेवतो. असला चोर हैदराबादशिवाय कुठं मिळायचा नाही.

दुर्दैवानं सुमेधाच्या चपलांनाही पावडर लागलेली दिसली. मी तिला चांगलंच बोललो. "पुराव्यावरून चालायचं नसतं, एवढं कळू नये?"

ती पदर तोंडाला लावून आत गेली. बहुतेक जास्तच बोललो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

सकाळी कंबर धरल्याचं मंडळाच्या ग्रुपवर कळवलं. दुपारी एकनाथराव स्वतः हजर. पलंगाशी खुर्ची ओढून बसले.

"सोनकांबळे, कंबर खरी आहे का?"

मी चादर हनुवटीपर्यंत ओढली.

"उलटतपासणी करत नाही. माझंच सांगतो. माझ्या अँबेसेडरला इंजिनच नाही. मुलानं अमेरिकेला जाण्याआधी उघडलं, ते परत बसलंच नाही. उद्या अश्विनीच्या जीपला दोर बांधून येणार आहे. सन्मानपूर्वक." मग आवाज उतरला. "सगळ्यांना आपापली लाज झाकून यायचंय. पण त्या बाई तुमच्या भरवशावर तयार झाल्यात. तुम्ही नाही आलात तर त्या दारात उभ्या राहतील आणि गाड्या निघून जातील."

माझी कंबर तिथल्या तिथं बरी झाली.

रविवार, २३ फेब्रुवारी

सावकाश लिहितो.

सकाळी सात वाजता निळा कोट घालून फियाटमध्ये बसलो. सुमेधा शेजारी, मांडीवर भाईंची हार घातलेली तसबीर. किल्ली फिरवली. इंजिन एका फटक्यात सुरू. क्लच दाबला आणि पाय तिथंच राहिला. उचलायचा म्हटलं तरी उचलेना. एक मिनिट गेलं, दोन गेली. घाम कोटातून बाहेर आला.

सुमेधा म्हणाली, "सरका."

"कुठं?"

"इकडं."

ती खाली उतरली, फिरून माझ्या बाजूनं आली. तसबीर माझ्या हातात दिली. बसली, न बघता सीट दोन खाचा पुढं ओढली, आरसा खाली केला आणि गाडी फाटकातून अशी काढली की कुंड्यांची पानंसुद्धा हलली नाहीत. गच्चीवरून पद्मावतीगारूंनी हात केला.

काचिगुडा येईपर्यंत मी तिचे क्लचवरचे पाय बघत होतो. मग म्हटलं, "उंदीर!"

"हौ."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. लायसन आहे. दर बुधवारी विद्यापीठाच्या रस्त्यावर जाते. तुम्ही दर रविवारी उभ्या गाडीत बसून रस्त्याकडे बघायचात. मला ते बघवेना. म्हटलं, तुम्ही बरे होईपर्यंत निदान ती तरी चालती राहू दे."

"म्हणजे तुला माहीत होतं? अडिकमेटचं?"

तिनं गिअर बदलला. "अहो, त्या दिवशी मी तुमच्या शेजारीच बसले होते. कढई मी उचलून दिली."

हे मी साफ विसरलो होतो.

आपा दारातच उभ्या होत्या, पांढऱ्या ओढणीत. स्टिअरिंगवर सुमेधाला बघून थबकल्या. मी काही बोलायच्या आत सुमेधानं पुढचं दार उघडलं. "आओ आपा, सामने बैठो." आपांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुढं बसल्या. मी मागं, तसबिरीबरोबर.

अकरा गाड्या होत्या. चादरघाटला लोक बाजूला थांबून हात जोडत होते. कोठीला एका बसचालकानं लांबलचक हॉर्न दिला. एकनाथराव दोराच्या टोकाला अँबेसेडरमध्ये ताठ बसून नमस्कार घेत होते. आपा काच खाली करून सगळं बघत होत्या, आणि मध्येच सुमेधाला विचारत होत्या, "ये डंडा क्या करता? और ये दबाये तो?"

आबिड्सला फुटपाथवरची पुस्तकं चाळणारे लोकही गोळा झाले. माझं भाषण चार पानांचं होतं. पहिलंच वाक्य, 'दस्तगीर भाई आणि माझे जवळचे संबंध.' ते वाचलं आणि पुढची ओळ दिसेना. समोर आपा होत्या. कागद खिशात घातला.

म्हणालो, "मी भाईंना आयुष्यात एकदाच भेटलो. भज्यांच्या रांगेत. त्यांनी मला बाजूला सरकायला सांगितलं. एवढेच आमचे संबंध. आणि मला गाडी चालवायची भीती वाटते. चार वर्षं चालवली नाही. आज माझ्या बायकोनं आणली. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मग मागून एकनाथरावांचा आवाज आला, "आमच्या गाडीला इंजिन नाही. नोंद घ्यावी." एक जण म्हणाला, त्याचा हॉर्न फोनवरून दुरुस्त झालाच नव्हता, अजून वाजत नाही. सहीवाल्यानं सही आपणच केल्याचं सांगितलं. लोक हसायला लागले. अश्विनी हसत होती आणि डोळे पुसत होती. भाईंचं गुपित माझ्या ओठांवर आलं होतं, तेवढ्याचसाठी की ते माझ्यासारखे होते हे सगळ्यांना कळावं. पण आपांकडे बघितलं आणि गिळून टाकलं. ते सांगायचा हक्क माझा नाही.

नंतर त्यांच्यापाशी गेलो. मान खाली. "माफ करना आपा. मैं दोस्त नै था."

"मेरेकू पैले दिन से मालूम," आपा म्हणाल्या. "उनके दोस्तां घर में आये तो पैले जूते नै उतारते थे. मगर मेरेकू किसी एक कू बोलनाच था. आप मिले." मग हसून म्हणाल्या, "फिर बी, जिकर तो करते थे."

म्हणजे करत होतेच! मग त्यांना माझं नाव कुणी सांगितलं असेल? यावर विचार केला पाहिजे.

त्यानंतर घडलं ते असं. आपांना गाडीतून उतरायचंच नव्हतं. "थोडा और घुमाओ ना," त्या सुमेधाला म्हणाल्या. सुमेधा मला म्हणाली, "तसबीर घेऊन तुम्ही व्हा पुढं. आम्ही येतो." आणि माझी फियाट माझ्या डोळ्यांदेखत नामपल्लीकडे निघून गेली.

मी बस पकडली. गर्दी होती. एका हाताला दांडी, एका हातात हारासकट तसबीर. कंडक्टरबाईंनी तिकीट फाडता फाडता बघितलं आणि ओरडल्या, "अरे, भाई हैं!" दोन कॉलेजची मुलं ताडकन उठली. मी बसायला गेलो तर मुलं म्हणाली, "आप नै चाचा, भाई कू बिठाओ." भाईंना खिडकीजवळची जागा मिळाली. कुणीतरी वाऱ्यानं हार उडू नये म्हणून काच ओढून घेतली. त्यांच्या शेजारची सीटही रिकामीच ठेवली, आदबीनं.

मी विद्यानगरपर्यंत उभा राहिलो. तिकीट मात्र एकाचंच फाडलं होतं, माझं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्रीची सुट्टी. विद्यापीठाचा रस्ता मोकळा. सुमेधा शिकवायला, शिकणारे दोघं: आपा आणि मी. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्यानं मागं बसायचं आणि बोलायचं नाही, हा तिचा नियम. मला दोनदा गप्प केलं, आपांना एकदाही नाही.

आपांनी गाडी बंद न पाडता दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला म्हणाल्या, "इत्तीच बात थी? इस्के वास्ते उम्र भर डरे वो?" आणि बाजूला गाडी लावून बराच वेळ रडल्या. सुमेधानं इंजिन बंद केलं नाही. नुसती त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी मागं बसून होतो, नियमाप्रमाणे.

मग आपांनी ओढणीनं स्टिअरिंग पुसलं, खाली उतरल्या आणि माझ्या बाजूचं दार उघडून धरलं. "चलो निवृत्ती साब. आपकी बारी."